कोणता ग्राइंडर घ्यावा

“मग भंतेजी, पात्याचा घ्यावा की चकत्यांचा?”

“काय?”

“ग्राइंडर. कॉफीचा. घरच्यासाठी.”

भदंत सोमरत्नांनी चीवराचा पदर खांद्यावर नीट घेतला आणि समोर बसलेल्या माणसाकडे पाहत राहिले.

चिखलदऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांचा लहानसा विहार होता. विहारामागच्या उतारावर कॉफीची जुनी झुडपं होती. हिवाळ्यात जवळच्या पाड्यातली माणसं फळं तोडत, वाळवत, सोलून बिया विहारात आणून ठेवत. जो उपासक येईल त्याने चूल पेटवायची, बिया भाजायच्या, खलबत्त्यात कुटायच्या, भंतेजींना कोरी कॉफी द्यायची आणि आपणही घ्यायची, अशी तिथली रीत होती.

विचारणारे सुगत वानखडे नागपूरचे. वीज खात्यात अभियंता म्हणून वरच्या पदापर्यंत गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. भंतेजींकडे ते तरुणपणापासून ध्यान शिकायला येत. घरातला पंखा असो की मुलीचं स्थळ, अभ्यास केल्याशिवाय वानखडे काही ठरवत नसत. आणि आपण ठरवलेलं आजवर चुकलं नाही, असं ते चारचौघांत सांगत.

या वेळी बरोबर त्यांच्या पत्नी विशाखाताई आल्या होत्या. वंदन करून त्या ओट्याच्या कडेला जाऊन बसल्या होत्या. तिथून समोरची दरी दिसत होती.

“समजावून सांगा,” भंतेजी म्हणाले.

वानखडे पुढे सरकले.

“पात्याचा म्हणजे आपल्या मिक्सरसारखाच. पातं फिरतं, बी तुटते. पण कुठे भुगा होतो, कुठे तुकडे राहतात. शिवाय पातं तापतं, त्यात वास उडून जातो. चकत्यांच्या ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चकत्या असतात. जात्याच्या दोन दगडांसारख्या. बी त्यांच्यामध्ये भरडली जाते. कण सारखे पडतात. वास टिकतो.”

“मग चकत्यांचा घ्या.”

“तिथेच तर खरी गोम आहे ना भंतेजी. चकत्या पोलादी घ्यायच्या की चिनी मातीच्या? चपट्या की निमुळत्या? हाताने फिरवायचा की विजेवरचा? हाताचा सावकाश दळतो, तापत नाही. पण आमच्या वयात मनगट... आणि विजेवरच्यात थोडी पूड आतच अडकून राहते. ती दुसऱ्या दिवशीच्या ताज्या पुडीत मिसळते. म्हणजे शिळा वास आलाच.”

“किती दिवस पाहताय?”

“निवृत्त झालो तेव्हापासून. दुकानं पाहिली, लोकांना भेटलो, बंगळूरला मोठं प्रदर्शन होतं तिथे जाऊन आलो. आता दोनच उरलेत.”

त्यांनी मोबाइल काढला आणि दोन ग्राइंडरची छायाचित्रं भंतेजींपुढे धरली. भंतेजींनी दोन्ही पाहिली.

“चांगले आहेत,” ते म्हणाले.

“कोणता?”

“दोन्ही.”

वानखडे हसले. असलं उत्तर त्यांना नवीन नव्हतं. मोबाइल त्यांनी खिशात ठेवला नाही, हातातच ठेवला.

“तोवर कॉफी कुठली पिता?” भंतेजींनी विचारलं.

“बाजारातली तयार पूड. तिला कॉफी म्हणणं जिवावर येतं. पण चालवून घेतो.”

“दोघंही?”

“मीच. ही आताशा चहा घेते.”

“हं... ग्राइंडर कोणाला हवा होता?”

“हिलाच की. मूळ कल्पना हिची.” वानखड्यांनी ओट्याकडे मान वळवली. “माझ्या निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, आता तुम्हाला घाई नाही, मला नाही. एक साधासा ग्राइंडर आणू, सकाळी घरात वास येऊ दे. हिचं लहानपण इथलंच ना. वडील वनखात्यात होते. इथेच क्वार्टर होतं. आई घरी कॉफी कुटायची.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, आणू. पण आणायचा तर नीट पाहून आणू.”

भंतेजींनी चुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, “आज कॉफी कोण करणार?”

वानखडे उठायला लागले, पण त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. ते पुन्हा बसले.

“विशाखा, बिया भाजतेस का? मी जरा भंतेजींशी बोलून घेतो.”

विशाखाताई उठल्या. चूल ओट्याच्या टोकाला, उघड्यावरच होती. त्यांनी काटक्या लावल्या, फुंकणीने जाळ केला, लोखंडी कढई ठेवली आणि डब्यातल्या मूठभर बिया तिच्यात टाकल्या. लाकूड ओलसर होतं. धूर बराच होत होता. पदराने डोळे पुसत त्या कालथ्याने बिया हलवू लागल्या.

इकडे वानखडे भंतेजींना वास म्हणजे काय ते सांगत होते. भाजलेल्या बीत वास कसा कोंडलेला असतो. बी फुटली की तो कसा सुटतो. सुटल्यापासून उडायला किती कमी वेळ लागतो. म्हणून दळणं आणि पिणं यांत अंतर पडू देऊ नये. या विषयावर त्यांनी परदेशातल्या माणसांची भाषणं ऐकली होती. भंतेजी ऐकत होते. अधूनमधून त्यांची नजर चुलीकडे जात होती.

विशाखाताईंचा हात हळूहळू मंदावला. दरीच्या पलीकडच्या अंगाला झाडांमध्ये वनखात्याच्या जुन्या क्वार्टरचं लाल कौलारू छप्पर दिसत होतं. त्या तिकडे पाहत होत्या. कालथा कढईच्या काठाला टेकून राहिला.

वानखडे बोलता बोलता थांबले. त्यांनी नाक वर केलं.

“जळतंय.”

ते उठून लगबगीने चुलीपाशी गेले. कढईतल्या बिया कोळशासारख्या झाल्या होत्या. विशाखाताई अजून समोरच पाहत होत्या.

“अगं, कढईपाशी बसून... वास येत नाही का तुला?”

विशाखाताई दचकल्या. त्यांनी कढईत पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

“नाही येत,” त्या म्हणाल्या.

वानखड्यांना ते उलट उत्तर वाटलं. भंतेजींसमोर बायकोने असं बोलावं याचा त्यांना रागही आला.

“म्हणजे काय?”

“वास. मला येत नाही.”

त्यांनी पदराने धरून कढई उतरवली आणि खाली ठेवली. कालथा कढईत ठेवला. हात मांडीवर घेतले.

...

“सर्दी झालीये का?” वानखड्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

“सर्दी नाही. तापातून उठले तेव्हापासून.”

“कुठल्या तापातून?”

“मागच्या पावसाळ्यातल्या. तुम्ही बंगळूरला गेला होतात तेव्हाचा.”

वानखडे चुलीपाशी उकिडवे बसले.

“तो ताप उतरला होता. मी रोज फोन करत होतो. तूच म्हणालीस, उतरला.”

“उतरला होता.”

“मग?”

“ताप उतरला. वास गेला तो गेलाच. शेजारच्या नलूबाई मला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, काहींचा येतो परत, काहींचा नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

विशाखाताईंनी भंतेजींकडे एकदा पाहिलं, जणू इथे हे बोलावं की नाही असं विचारत होत्या. भंतेजींनी मान हलवली नाही, पण नजरही वळवली नाही.

“सांगणार होते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आलात, हातपाय न धुता टेबलाशी बसलात. कुठल्या ग्राइंडरमध्ये वास टिकतो, कुठल्यात उडतो, तेच सांगत राहिलात. इतके खुशीत होतात. रिटायर झाल्यापासून मी तुम्हाला तसं पाहिलं नव्हतं. म्हटलं, आज नको. उद्या सांगू.”

“मग उद्या?”

“उद्याही तुम्ही तेच सांगत होतात.”

चुलीतलं लाकूड तडकलं. वानखड्यांनी उगाच एक काटकी आत सारली.

त्यांना दिवाळीच्या आधीचा एक दिवस आठवला. वरण तळाला लागून पार करपलं होतं. ताटावरून उठताना ते म्हणाले होते, तुझं आजकाल लक्ष कुठे असतं? विशाखाने ताट उचललं होतं. मग सकाळी दूध पातेल्यात ओतण्याआधी ती थोडं हातावर घेऊन जिभेला लावायची. ते त्यांनी कितीदा पाहिलं होतं. कशासाठी, हे विचारलं नव्हतं. आणि चहा. ही कॉफी सोडून चहा प्यायला लागली, तेव्हा त्यांना वाटलं होतं की तयार पुडीला ती कंटाळली. म्हणून तर त्यांनी ग्राइंडरचा शोध आणखी जोरात चालवला होता.

“मी हे सगळं तिच्यासाठीच करत होतो, भंतेजी.”

“हो.”

“माझ्यासाठी नव्हतं.”

“त्या कुठे होत्या?” भंतेजींनी विचारलं.

“कधी?”

“तुम्ही त्यांच्यासाठी करत होतात तेव्हा.”

“घरातच. शेजारच्या खोलीत...”

वानखड्यांनी हातातला मोबाइल जमिनीवर ठेवला.

भंतेजी आसनावरून उठले. वयामुळे त्यांना उठायला वेळ लागत असे. त्यांनी आत जाऊन बियांचा डबा आणला आणि वानखड्यांच्या हातात दिला.

“आता तुम्ही भाजा.”

“आता कशाला भंतेजी? हिला तर...”

“भाजा.”

वानखड्यांनी करपलेल्या बिया झाडाखाली ओतल्या, कढई पुसली, पुन्हा चुलीवर ठेवली. भाजायचं कसं यावर ते तासभर बोलू शकले असते. प्रत्यक्षात त्यांनी आजवर कधी भाजलं नव्हतं. कालथा हातात धरून ते कढईकडे पाहत बसले. विशाखाताई शेजारी सरकल्या.

“जाळ कमी करा,” त्या म्हणाल्या. “आता हलवत राहा. थांबू नका.”

बिया पिवळ्या झाल्या. मग बदामी. मग तडतडायला लागल्या.

“आता?”

“अजून थोडं. आई म्हणायची, हरणाच्या पाठीचा रंग आला की उतरवायचं.”

“हे तू कधी बोलली नाहीस.”

“विषय निघाला नाही.”

विशाखाताईंनी हाताने खूण करून कढई उतरवायला लावली. बिया सुपात पसरल्या, फुंकून साली उडवल्या. बिया निवेपर्यंत तिघं तिथेच बसून राहिले. खालच्या झाडीतून वानरांची एक टोळी गेली. फांद्या हलल्या आणि थांबल्या.

भंतेजींनी खलबत्ता वानखड्यांपुढे सरकवला. लोखंडी होता, जड. वानखडे कुटू लागले. पहिल्या काही घावांतच वास सुटला आणि ओट्यावर पसरला. तो वास त्यांनी प्रदर्शनात घेतला होता, दुकानांत घेतला होता. तिथे त्यांना त्याचं वर्णन करता येत होतं.

“त्यांना सांगा,” भंतेजी म्हणाले.

“काय सांगू?”

“वास कसा आहे ते.”

वानखड्यांनी खलबत्त्यावर वाकून श्वास घेतला.

“फुलांचा आहे... मोगऱ्यासारखा. किंचित आंबूस. शेवटी गुळाची छटा...”

विशाखाताई ऐकत होत्या. पाहुण्यांचं बोलणं ऐकावं तशा.

“हे कोणाचे शब्द?” भंतेजींनी विचारलं.

ते शब्द एका परदेशी माणसाचे होते, कुठल्या तरी दुसऱ्याच कॉफीबद्दलचे. यात मोगरा नव्हता.

त्यांनी पुन्हा वाकून वास घेतला. या वेळी बराच वेळ. तोंड उघडलं, मिटलं. बत्ता हातातच राहिला.

“मला नाही सांगता येत,” ते म्हणाले.

“मग विचारा.”

“कोणाला?”

भंतेजींनी विशाखाताईंकडे पाहिलं.

वानखडे बायकोकडे वळले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला पुष्कळ प्रश्न विचारले होते. किल्ली कुठे आहे, औषध घेतलंस का, फोन कोणाचा होता. हा प्रश्न विचारताना मात्र त्यांना शब्द जुळवावे लागले.

“तुमच्या घरी... आई कुटायची तेव्हा... कसा यायचा वास?”

विशाखाताईंनी दरीपलीकडच्या छपराकडे पाहिलं. मग त्या बोलायला लागल्या.

“थंडी फार असायची. आम्ही भावंडं एका गोधडीत. आई उठून पडवीत कुटायची. आवाजाने जाग यायची, पण डोळे उघडायचे नाहीत. मग वास आत यायचा. तो आला की कळायचं, बाबा गस्तीवरून परत आले. ते आल्याशिवाय आई कुटायला बसायचीच नाही. जंगलात रात्रभर फिरायचे ना ते. आम्हाला झोपेतही तेवढीच धास्ती असायची. वास आला म्हणजे बाबा आले. मग आम्ही पुन्हा गाढ झोपायचो.”

वानखड्यांनी बत्ता बाजूला ठेवला.

“म्हणून मी तुम्हाला म्हटलं होतं,” विशाखाताई म्हणाल्या. “तुमची सगळी नोकरी फिरतीची. वादळ आलं, तारा पडल्या, की तुम्ही गेलात. कधी परत याल ते सांगता यायचं नाही. रिटायर झालात तेव्हा वाटलं, आता हा माणूस घरी आला. एकदा घरात तो वास येऊ दे.”

...

“तुला आठवतो तो?” वानखड्यांनी विचारलं. “मनात तरी येतो?”

“आधी यायचा. आता एवढंच आठवतं की वास यायचा. कसा, ते आठवत नाही.”

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती. वानखड्यांना तेच सोसवेना. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

“साधासा आणू म्हणाली होती,” ते म्हणाले. “नाक्यावरच्या दुकानात होता. पात्याचाच होता. मी हातात घेऊन परत ठेवला, भंतेजी. पावसाळ्याच्या कितीतरी आधी. तेव्हा हिला वास येत होता.”

भंतेजी ऐकत होते.

“त्या दिवशी आणला असता तर पावसाळ्यापर्यंत रोज सकाळी तो वास मिळाला असता हिला.”

“हो.”

“मी उशीर केला.”

“हो,” भंतेजी म्हणाले.

ते आणखी काही म्हणतील म्हणून वानखडे थांबले. असू द्या, असं म्हणतील, किंवा सगळंच अनित्य आहे, असं म्हणतील. भंतेजी काहीच म्हणाले नाहीत. विशाखाताईंनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला, मग काढून घेतला आणि चुलीवर पाण्याचं भांडं चढवलं.

पाणी तापू लागलं. उन्हं ओट्यावर आली होती.

वानखड्यांचे डोळे ओले होते आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मोबाइल कधीचा जमिनीवर ठेवलेला होता. त्यावर अजून त्या दोन ग्राइंडरची छायाचित्रं असतील. त्यांनी तो उचलला नाही.

“आता मी काय करू, भंतेजी?”

भंतेजी खाली वाकले. खलबत्त्यातली चिमूटभर पूड त्यांनी उचलली, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळून पाहिली आणि परत आत टाकली.

“अजून जाड आहे,” ते म्हणाले. “कुटा.”